निळा ठिपका, उघडे झाकण

बेंगळुरूच्या टाऊन हॉलपासून हाकेच्या अंतरावर एस. पी. रोड आहे. पूर्ण नाव सादर पत्रप्पा रस्ता, पण त्या नावाने विचारलेत तर रिक्षावाला क्षणभर बुचकळ्यात पडेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली एकत्र डोळ्यांसमोर आणा, की या रस्त्याची कल्पना येते. दहा बाय दहाची दुकाने, छतापर्यंत प्लास्टिकचे डबे आणि त्या डब्यांत प्रतिरोधकांपासून रोबोच्या चाकांपर्यंत काहीही. दोन वर्षांपूर्वी मी इथून पोस्टाच्या तिकिटाएवढा एक जीपीएस रिसीव्हर घेतला, निओ-६एम नावाचा, आणि सोबत एक सिम बसवायची पट्टी. स्कूटर कुठे आहे ते फोनवर कळवणारे यंत्र घरीच करायचे होते. विकतही मिळत होते, पण हाताची खाज वेगळी.

गच्चीवर नेल्यावर रिसीव्हरने अर्ध्या मिनिटात आकाशाशी जुळवून घेतले आणि त्याचा इवलासा दिवा लुकलुकू लागला. सिमची पट्टी मात्र ढिम्म. ती फक्त टू-जीवर चालणारी आणि माझे सिम ज्या जाळ्याचे, त्यात टू-जी नाहीच. पुन्हा दुकानात गेलो तर मालक हसून म्हणाला, ‘टू-जी मुगीतु, सार.’ संपले म्हणे. त्या संध्याकाळी सहज फोनमधली गूगलची टाइमलाइन उघडली. एस. पी. रोडच्या माझ्या दोन्ही फेऱ्या, दुकानात घालवलेला वेळ आणि मधे ज्या दर्शिनी उपाहारगृहात उभ्याने कॉफी प्यायलो त्याचे नाव, सगळे तिथे ओळीने मांडलेले होते. मी दोन आठवडे खपून जे जमवू पाहत होतो ते माझ्या खिशातले यंत्र न सांगता करत बसले होते.

वस्तू उघडून पाहण्याची हौस आणि आपला ठावठिकाणा नोंदवणारी यंत्रे या दोन गोष्टींवर गेली दहा-बारा वर्षे दोन स्वतंत्र वाद चालू आहेत. पहिला दुरुस्तीचा, मालकीचा, दुसरा खासगीपणाचा. पहिल्यात अभियंते, दुकानदार आणि ग्राहक संघटना बोलतात. दुसऱ्यात वकील आणि न्यायाधीश. बेंगळुरूत हे दोन्ही वाद शेजारी-शेजारी नांदतात, म्हणून त्यांचा एकत्र आढावा घ्यायला हे गाव सोयीचे.

नकाशावरचा ठिपका येतो कुठून

जागा मोजण्याशी या शहराचे नाते जुने आहे. श्रीरंगपट्टण पडल्याच्या पुढच्या वर्षी, १८०० साली, विल्यम लॅम्बटनने बेंगळुरूजवळ साखळीने एक आधाररेषा मोजली. ज्या मद्रासच्या आधाररेषेपासून हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणाची सुरुवात मानतात ती १८०२ ची, म्हणजे तिच्या आधीची ही तालीम. आज शहराबाहेर चाळीसेक किलोमीटरवर ब्यालाळू गावात इस्रोचे दिशादर्शन केंद्र आहे. ‘नाविक’ या भारतीय उपग्रहमालेची वेळ आणि कक्षा तिथून सांभाळली जाते.

नाविकची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण स्वतःच्या मालकीची व्यवस्था किती कष्टाने उभी राहते ते तिच्यात दिसते. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये. मग पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. त्याच्या बदली ऑगस्ट २०१७ मध्ये सोडलेला उपग्रह उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला. मे २०२३ च्या उपग्रहावर भारतात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसले आणि सामान्य फोनना सोयीची एल-१ लहर सुरू झाली. पुढचा उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये गेला. श्रीहरिकोट्याहून झालेले ते शंभरावे उड्डाण. पण इंजिनाकडे ऑक्सिडायझर सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि उपग्रह नेमून दिलेल्या कक्षेत पोचलाच नाही.

या सगळ्यात घड्याळांचे एवढे महत्त्व का? प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे तीस सेंटीमीटर जातो. चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांना किती वेळ लागला यावरून रिसीव्हर आपली जागा काढतो, तेव्हा घड्याळ किंचित चुकले तरी रस्ता चुकतो. इथेच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण वादातला निम्मा गोंधळ त्यातून येतो. उपग्रहाला तुम्ही कुठे आहात ते कळत नाही. तो आकाशवाणीसारखा नुसता बोलत राहतो आणि ऐकणारे गणित तुमच्या फोनमध्ये होते. माझ्या गच्चीवरचा तो दिवा लुकलुकत होता तेव्हा माझी जागा जगात फक्त त्या चिपला माहीत होती. ती बाहेर जाते नंतर, सिममार्फत, वायफायमार्फत किंवा एखाद्या अ‍ॅपमार्फत. दळणवळण कंपन्यांना तर जीपीएस नसले तरी टॉवरवरून तुमचा अदमास असतो. रिकाम्या माळावर ढोबळ, दाट वस्तीत बराच नेमका.

अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि ही चिप झपाट्याने पसरू लागली. पुढच्या दहा वर्षांत ती फोनमध्ये शिरली, मग गाडीत, घड्याळात, अखेर किल्ल्यांच्या जुडग्यात. अ‍ॅपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये भारतात ३,१९० रुपयांना आला. गंमत अशी की त्याच्यात जीपीएस नाहीच. तो ब्लूटूथवर हळूच हाक मारतो, जवळून जाणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचा आयफोन ती हाक ऐकतो आणि मालकाला कळवतो. म्हणजे तुमच्या किल्ल्या शोधायला तुमच्या शेजारच्या बाकावरचा प्रवासी मदत करत असतो, त्याला पत्ता नसताना.

उघडून पाहणाऱ्यांचे म्हणणे

बेंगळुरूची ओळख सॉफ्टवेअरची, पण वस्तू हातात घेऊन करण्याची परंपराही इथे आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी एन्कोअर या कंपनीबरोबर ‘सिम्प्युटर’ घडवला. सामान्य माणसाला परवडेल असा, हातात मावणारा संगणक. त्याची रचना कुणीही पाहावी, सुधारावी अशा परवान्याखाली ठेवली होती. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने ‘अमिडा’ नावाने तो बाजारात आला, हात हलवला की पान उलटणाऱ्या हालचाल-संवेदकासकट. विकला फारसा गेला नाही. पण ‘वस्तूचे झाकण ग्राहकाला उघडता आले पाहिजे’ हा विचार या शहरात परक्या देशातून आला नाही, एवढे नोंदवायला तो पुरेसा आहे. पुढे मुक्त सॉफ्टवेअरचे मेळावे भरू लागले आणि हलसूरु मेट्रो स्थानकाखाली हौशी कारागिरांसाठी सामायिक कार्यशाळाही उभी राहिली.

या मंडळींचे म्हणणे तीन पायऱ्यांचे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली असेल तर ती दुरुस्त करण्याचा, तिचे सॉफ्टवेअर बदलण्याचा हक्कही आपलाच. ती काय करते हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून उघडणे ही सार्वजनिक सेवाही आहे. आणि यंत्राने बाहेर काय पाठवावे हे यंत्राच्या मालकाने ठरवावे. शेवटच्या मुद्द्यावर हा वाद खासगीपणाच्या वादाला जाऊन मिळतो.

दुसऱ्या मुद्द्याची दोन ठोस उदाहरणे आहेत. जर्मनीत डार्मश्टाट तंत्र विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने अ‍ॅपलचे शोधजाळे उलगडून २०२१ मध्ये ‘ओपनहेस्टॅक’ प्रसिद्ध केले. त्याने तीन-चारशे रुपयांच्या ईएसपी-३२ बोर्डाचाही, म्हणजे एस. पी. रोडवर कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या बोर्डाचा, एअरटॅगसारखा माग काढता येतो. त्याच प्रयोगशाळेने काही महिन्यांतच ‘एअरगार्ड’ हे अ‍ॅप अँड्रॉइडवाल्यांसाठी काढले. कुणी तुमच्या पिशवीत असे टॅग लपवले तर ते सांगणारे. कुलूप उघडून दाखवणारा आणि कडी बसवणारा हात एकच. अ‍ॅपल आणि गूगलने मिळून नकोशा टॅगचा इशारा दोन्ही प्रकारच्या फोनवर द्यायला मे २०२४ उजाडले.

दुसरे उदाहरण इथलेच. २०२० च्या मे महिन्यात, कोविडबाधितांशी आलेला संपर्क कळवणारे आरोग्य सेतू अ‍ॅप अनेक ठिकाणी सक्तीचे असताना, बेंगळुरूतल्या एका प्रोग्रामरने शनिवारी सकाळी नऊला त्याचा कोड उकलायला घेतला आणि दुपारी एकपर्यंत नाव, जागा, ब्लूटूथ काहीही न देता कायम हिरवा, म्हणजे ‘धोका नाही’ असा, दिसणारा पडदा तयार केला. तो आपले पूर्ण नाव न सांगता एका वृत्तसंकेतस्थळाशी बोलला. याला नागरिकाचा निषेध म्हणायचे की साथीच्या काळातला बेजबाबदारपणा, यावर दोन्ही बाजूंनी गंभीरपणे बोलता येते. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने अ‍ॅपचा अँड्रॉइड कोड खुला केला. मागणी आधीपासून होती.

उत्पादकांचे उत्तर ऐकायला हवे, ते पोकळ नाही. उघडता येणारा फोन चोरालाही उघडता येतो. कुलूप तोडलेल्या फोनवर बँकेच्या अ‍ॅपला खात्री देता येत नाही की मधे कुणी बसलेला नाही. म्हणूनच फोनवर स्वतःच्या आवडीची प्रणाली चढवली, तिच्यातून गूगलचे कान-डोळे काढून टाकले, की अनेकदा बँकेचे किंवा यूपीआयचे अ‍ॅप सुरूच व्हायला नकार देते. एस. पी. रोडवर ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या एका तरुणाकडे दोन फोन होते: एक ‘माझा’ आणि एक ‘बँकेचा’. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. चहाच्या टपरीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे व्यवहार फोनवर गेलेल्या शहरात यूपीआय सोडणे म्हणजे खिशातले पैसे सोडणे. खासगीपणाची किंमत इतकी असेल तर ती मोजणारे थोडेच राहणार.

सरकारची भूमिका या बाबतीत दोन तोंडांनी बोलते, आणि त्यात विसंगती असेलच असे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले. दुसरीकडे, फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणे २०१७ पासून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. चोरीचे फोन अडवणारी नोंदवही २०१९ मध्ये आधी महाराष्ट्रात चाचणीला घेतली गेली आणि मे २०२३ पासून देशभर खुली झाली. ज्यांचे फोन हरवून परत मिळाले त्यांना या कडकपणाबद्दल विचारा, ते तक्रार करणार नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र याच नोंदवहीशी जोडलेले ‘संचार साथी’ अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनवर आधीच बसवून द्यावे असा आदेश निघाला, ओरड झाली आणि आठवड्याभरात तो मागे घेतला गेला. लोकांना अ‍ॅप नको होते असे त्यावरून म्हणता येत नाही. आपणहून ते लाखोंनी घेतलेले होते. काढून टाकता येईल की नाही, हा कळीचा प्रश्न ठरला.

सोयीची बाजू

ठावठिकाण्याच्या तंत्राला खासगीपणाचे भक्षक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. रोजचे जगणे तसे सांगत नाही. बेंगळुरू महानगर परिवहनने २०१६ मध्ये बसमध्ये जीपीएस बसवले आणि पुढे प्रवाशांना आपली बस नकाशावर दिसू लागली. सिल्क बोर्डच्या चौकात पावसात उभ्या असलेल्या माणसाला याचे मोल विचारावे. ‘नम्म यात्री’ हे रिक्षांचे अ‍ॅप २०२२ च्या अखेरीस आले. त्याचा कोड खुला आहे, त्यामुळे जागेची माहिती कुठे जाते ते निदान वाचता तरी येते. इथल्याच एथरसारख्या कंपन्यांच्या विजेच्या स्कूटरमध्ये सिम आणि जीपीएस जन्मापासून असतात; कुणी गाडी ओढून नेऊ लागला की मालकाला कळते. माझा गच्चीवरचा खटाटोप त्यांनी कारखान्यातच उरकला आहे.

दिल्लीत २०१२ मध्ये बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण सांगणारे यंत्र आणि संकटाचे बटण असावे असा नियम झाला. नव्या वाहनांना तो १ जानेवारी २०१९ पासून लागला. रात्री उशिरा कामावरून निघालेली मुलगी टॅक्सीत बसताच व्हॉट्सअ‍ॅपवर घरी ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवते. ही सोय २०१७ मध्ये आली आणि तिच्यात वेळेची मर्यादा आहे: पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास. ही साधी मर्यादा मला या सगळ्या तंत्रातली सर्वांत शहाणी रचना वाटते. सुरू करणारी व्यक्तीच बंद करते, आणि विसरली तरी ते आपोआप बंद होते.

वृद्धांचे प्रकरण नाजूक आहे. पुण्या-साताऱ्यात आई-वडील आणि बेंगळुरूत मुले, असे संसार इथल्या मराठी घरांत पुष्कळ. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात चार डोकी जमली की गणपतीच्या वर्गणीनंतरचा विषय हाच असतो. वडिलांना विसरभोळेपणा सुरू झाला आहे, सकाळी फिरायला जातात, एकदा वाट चुकले. घड्याळात ट्रॅकर लावावा का? त्यांना सांगून की न सांगता? सांगितले तर ते घड्याळ काढून ठेवतात. याला पाळत म्हणणारा माणूस त्या घरात राहिलेला नसतो, असे मला वाटते. पण सांगितले नाही म्हणून काही बिघडत नाही, असे म्हणणाऱ्याशीही मी सहमत होऊ शकत नाही. मुंबईत २०२३ मध्ये एक वेगळी वाट दिसली. गतिमंद मुलांच्या गळ्यात क्यूआर कोडचे लॉकेट, ज्यात कसलाही माग नाही. हरवलेल्या मुलाला भेटणाऱ्याने कोड वाचला की घरच्यांचा क्रमांक मिळतो. एका मुलाला त्यामुळे काही तासांत घर सापडले. कमी हुशार यंत्र कधीकधी जास्त पुरते.

ज्यांच्याकडे बटण नाही

सोयीच्या बहुतेक उदाहरणांत माग काढणारा आणि ज्याचा माग निघतो तो, हा एकच माणूस होता किंवा ते एकमेकांचे सगे. ते अंतर वाढले की प्रश्नाचे रूप बदलते. नागपूर महापालिकेने २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंडीगड आणि पंचकुला इथेही तसेच झाले. प्रशासनाचे म्हणणे सरळ होते: हजेरीत घोटाळे होतात, कामगार नेमून दिलेल्या जागी नसतात, करदात्याचा पैसा वाया जातो. यात खोटे काही नाही. बदली माणसाला झाडू देऊन हजेरी लावण्याचे प्रकार नगरपालिकांना नवे नव्हेत. कामगार संघटनांचे म्हणणे असे की घड्याळ बिघडले तर पगार कामगाराचा कापला जातो, प्रसाधनगृहात गेलेला वेळही नोंदवला जातो, आणि झाडू मारणाऱ्याच्याच हाताला घड्याळ का, साहेबांच्या का नाही? या शेवटच्या प्रश्नाला कुठल्याही फायलीत उत्तर मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

कोविडच्या पहिल्या लाटेत कर्नाटक सरकारने घरी विलग राहणाऱ्यांकडून ‘क्वारंटाइन वॉच’ अ‍ॅपवर दर तासाला स्वतःचा फोटो मागितला, जागेच्या खुणेसह; रात्री दहा ते सकाळी सात एवढी सूट. पाठवला नाही तर सरकारी विलगीकरणात नेण्याची ताकीद. साथ थांबवण्याचा हेतू निर्विवाद होता. पण त्याच सुमारास विलग लोकांचे पत्ते असलेल्या याद्याही राज्याने प्रसिद्ध केल्या आणि शेजाऱ्यांनी काय केले ते वेगळे सांगायला नको. तासाला फोटो मागणारे अ‍ॅप आणि यादी, यांतले जास्त नुकसान यादीने केले, असे माझे मत आहे. माहिती गोळा करणे एक, ती चव्हाट्यावर ठेवणे दुसरे.

मग डिलिव्हरीचे तरुण. कोरमंगल-इंदिरानगरच्या चौकांत लाल, केशरी, निळ्या टी-शर्टांचे थवे दिसतात. यांचे ठिकाण सतत कंपनीकडे जाते आणि त्यावरून पुढची ऑर्डर, वेळ, पैसे ठरतात. यांच्यातही उघडून पाहणारे आहेत, पण ते सिम्प्युटरच्या प्राध्यापकांसारखे प्रतिष्ठित नाहीत. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप तपासणाऱ्यांसाठी खोटे ठिकाण दाखवण्याची अधिकृत सोय असते; तीच वापरून काही जण गर्दीच्या हॉटेलाजवळ ‘उभे’ राहतात आणि प्रत्यक्षात सावलीत बसतात. २०२० मध्ये मुंबई गुन्हे शाखेने पनवेल भागातल्या काही कॅबचालकांना पकडले. ते अ‍ॅपची जुनी आवृत्ती वापरत, खाडीपुलाआधी ते बंद करत आणि पूल ओलांडला की पुन्हा सुरू. यंत्र मधला रस्ता लांबचा धरून भाडे वाढवी. प्रवाशाच्या खिशातून गेलेला तो पैसा होता, तेव्हा फसवणूक ती फसवणूकच. पण जागा खोटी सांगणारा चालक आणि ‘आता दोन मिनिटांत’ म्हणून दहा मिनिटे लावणारे अ‍ॅप, या दोघांना एकाच तराजूत तोलावे असे चालकांच्या संघटना म्हणतात. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या प्लॅटफॉर्म कामगार कायद्यात कल्याणनिधीसाठी कंपन्यांकडून प्रत्येक व्यवहारावर एक ते पाच टक्के घेण्याची तरतूद आहे, आणि यंत्र कामगारावर लक्ष कसे ठेवते, निर्णय कसा घेते हे त्याला कळले पाहिजे असेही म्हटले आहे. व्यवहारात ते किती उतरते ते पाहायचे आहे.

न्यायालये आणि कायदा

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, बेंगळुरूचे रहिवासी. आधारविरुद्धची याचिका त्यांनी २०१२ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते वारले.

पुढचे महत्त्वाचे निर्णय एका मराठी न्यायाधीशाच्या खंडपीठांचे. ठाण्यात वकिली सुरू केलेले न्यायमूर्ती अभय ओक २०१९ ते २०२१ कर्नाटकचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये, आरोग्य सेतू फोनमध्ये नाही म्हणून कुणाला सरकारी सेवा नाकारू नये, असे बजावले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या अ‍ॅपची माहिती वापरणाऱ्याच्या जाणत्या संमतीवाचून इतर खात्यांना देण्यास मनाई केली. पुढे सर्वोच्च न्यायालयात, ८ जुलै २०२४ रोजी, ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी जामिनाची एक अट रद्द केली. आरोपीने आपली जागा गूगल नकाशावर पिन करून तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी, अशी ती अट होती. न्यायालयाने गूगलकडूनच खुलासा मागवला. पिन टाकणे म्हणजे सतत माग काढणे नव्हे आणि ती वापरणाऱ्याच्या ताब्यात असते, असे उत्तर आले. म्हणजे अट निरुपयोगी तर होतीच, आणि उपयोगी असती तर घटनाबाह्य ठरली असती. जामिनावर सुटलेल्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणे हे कलम २१ च्या विरुद्ध, असे निकालात स्पष्ट आहे. यंत्र नेमके काय करते हे आधी विचारून मग तत्त्व सांगणारा निकाल म्हणून तो मला आदर्श वाटतो.

वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. आपल्या विषयापुरत्या त्यातल्या तीन गोष्टी. घरगुती कारणासाठी एका व्यक्तीने दुसरीची माहिती ठेवली तर कायदा लागूच होत नाही. म्हणजे नवऱ्याने बायकोच्या गाडीत, बापाने कॉलेजातल्या मुलीच्या पर्समध्ये टॅग ठेवला तर हा कायदा त्यांच्याकडे पाहत नाही. नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही बाबतींत संमतीची गरज नाही. नागपूरचे घड्याळ या दारातून आत येऊ शकते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला मनाई असली तरी शाळेच्या वाहनासारख्या गोष्टींना नियमांत सूट आहे, जी बहुतेक पालकांना मान्यच असेल. सुरक्षा आणि सुव्यवस्थेच्या कारणावरून सरकार आपल्या संस्थांना कायद्यातून वगळू शकते, हा चौथा मुद्दा सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर पुरेसे लिहिले गेले आहे.

जे ठरलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न घरातला. पाठलागाचा गुन्हा २०१३ पासून कायद्यात आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली. पण त्याची भाषा स्त्रीच्या मागे जाऊन संपर्क साधण्याबद्दल किंवा तिच्या इंटरनेट-ईमेल यांसारख्या दळणवळणावर नजर ठेवण्याबद्दल आहे. सीटखाली गुपचूप ठेवलेला, कुणाशीही न बोलणारा टॅग यात बसतो का? बसवता येईल असे काही वकील म्हणतात, ओढून-ताणून बसवावा लागेल असे काही. कायदेमंडळाने एका ओळीची दुरुस्ती केली तर हा प्रश्न मिटेल. मला तरी याहून स्वस्त सुधारणा दिसत नाही.

दुसरा प्रश्न फोनच्या पोटातला. डिसेंबर २०२५ मध्ये बातमी आली की दळणवळण कंपन्यांच्या संघटनेने सरकारपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे: तपास यंत्रणांना नेमके ठिकाण मिळावे म्हणून प्रत्येक फोनमधली उपग्रहाधारित जागा कायम चालू ठेवावी, ती बंद करण्याची सोय ग्राहकाला असू नये. टॉवरवरून मिळणारी जागा ढोबळ असते, अपहरणासारख्या प्रसंगी मिनिटे मोलाची असतात, ही पोलिसांची अडचण खरी आहे. फोन कंपन्यांचा विरोधही तितकाच ठाम. कारखान्यातच बटण काढून टाकलेला फोन आला, तर एस. पी. रोडवर ते पुन्हा बसवून देणारा कारागीर दुरुस्ती करत असेल की गुन्हा? दुरुस्तीचा हक्क आणि खासगीपणाचा हक्क यांची गाठ इथे पडते, आणि माझ्या पाहण्यात या दोन वादांतली माणसे अजून एका खोलीत बसलेली नाहीत.

तिसरा प्रश्न अनोळखी प्रवाशाचा. शोधजाळ्यात त्याचा फोन दुसऱ्याची किल्ली शोधतो. माहिती सांकेतिक असते, त्याची ओळख उघड होत नाही. तरीही त्याला विचारलेले नसते. मग त्याचे नुकसान काय झाले, या प्रश्नाला तंत्रज्ञांकडे ‘काही नाही’ असे उत्तर आहे आणि कायदेपंडितांकडे ‘विचारले नाही हेच’ असे. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत.

गूगलने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे टाइमलाइनची नोंद आता कंपनीच्या संगणकावर न राहता फोनमध्येच राहते. आपल्याकडे कायद्याचा बडगा न उगारता झालेल्या बदलांमध्ये हा मोठा. माहितीसंरक्षण नियमांतल्या मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायच्या आहेत. तोवर वाचकाने एक गोष्ट करावी. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ‘लोकेशन शेअरिंग’ची यादी असते, ती उघडून पाहावी. हा लेख लिहिताना मी माझी उघडली. तिच्यात एका जुन्या सहलीच्या गटातले एक नाव अजून होते, ‘बंद करेपर्यंत’ या शेऱ्यासह.